डर्व्हलाची सायकल

आयर्लंडमधल्या लिस्मोर गावात १९४१ साली एका मुलीला दहाव्या वाढदिवसाला दोन भेटी मिळाल्या. एक जुनी सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक. थोड्याच दिवसांनी गावाबाहेरचा चढ चढताना तिची नजर स्वतःच्याच पायांवर गेली. एक पाय खाली, दुसरा वर. हे असंच चालू ठेवलं तर आपण थेट हिंदुस्थानात पोचू, असं तिच्या मनाने घेतलं.

डर्व्हला मर्फी पोचलीही. पण मधे एकवीस वर्षांहून जास्त काळ गेला.

तिची आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. चौदाव्या वर्षी डर्व्हलाची शाळा सुटली आणि स्वयंपाक, घरकाम, आईचं सगळं तिच्या अंगावर आलं. तरी तिला अधूनमधून बाहेर पाठवणारी आईच होती. वेल्स, इंग्लंड, पुढे जर्मनी, स्पेन, अशा बेताच्या सुट्टीच्या सफरी झाल्या. मग आजार बळावला आणि त्याही थांबल्या. १९६१ मध्ये वडील गेले, १९६२ मध्ये आई. १९६३ च्या जानेवारीत, युरोप बर्फाखाली असताना, डर्व्हला निघाली.

तिची सायकल आर्मस्ट्राँग कॅडेट, नाव रॉझ. डॉन किहोतेच्या घोड्यावरून ठेवलेलं. आशियातल्या रस्त्यांवर गिअर टिकायचे नाहीत म्हणून तिने ते आधीच काढून टाकले होते आणि जादा टायर वाटेवरच्या शहरांत पुढे धाडले होते. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत ती त्या जुलैत दिल्लीला उतरली, आणि पुढे धरमशालेत तिबेटी निर्वासितांच्या मुलांमध्ये काम करत राहिली. या प्रवासावरचं तिचं ‘फुल टिल्ट’ १९६५ मध्ये आलं.

१९६८ मध्ये तिला मुलगी झाली, रेचेल. डर्व्हलाने तिला एकटीनेच वाढवलं. लेखनावर पोट असलेल्या, नाव झालेल्या प्रवासिनीने तेव्हा काय केलं? ती घरी राहिली. पुस्तकांची परीक्षणं लिहिली आणि मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत मोठा प्रवास काढलाच नाही. लहान मुलं असलेल्या सायकलवेड्या आईबापांना तिच्या सफरींपेक्षा हीच वर्षं जास्त कामाची वाटतील. सफर आणि संसार एकाच आठवड्यात कोंबण्याचा अट्टहास तिने केला नाही. आधी आईसाठी थांबली, आता लेकीसाठी.

१९७३ मध्ये मायलेकी मुंबईला उतरल्या, सायकलीशिवाय. तिथून दक्षिणेकडे, कधी बस तर कधी पायी. कूर्गमध्ये तर मुक्कामच ठोकला. पुढच्या हिवाळ्यात बाल्टिस्तान. सहा वर्षांची रेचेल पोलोतून निवृत्त झालेल्या तट्टावर आणि आई सोबत पायी. १९७८ मध्ये पेरूच्या अँडीज पर्वतात हुआना नावाचं खेचर होतं आणि रेचेल नऊ वर्षांची. तट्टू, खेचर, स्वतःचे पाय. पोरीच्या वयाप्रमाणे वाहन बदलत गेलं आणि दिवसाचा पल्लाही. यात डर्व्हलाला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. मूल बरोबर असलं की परक्या गावाला कळतं, ही बाई आपल्यावर भरवसा ठेवून आली आहे, असा तिचा अनुभव होता. मग दारं उघडतात, चुलीजवळ जागा मिळते. एकट्या सायकलस्वाराला पाणी आणि वाट विचारता येते. पोर असलेल्या बाईला मात्र घरातल्या बायकाच आत बोलावतात.

रेचेल मोठी झाली तशी सायकल परत रस्त्यावर आली. १९९२ मध्ये, साठी उलटल्यावर, डर्व्हलाने केनियापासून झिंबाब्वेपर्यंत सायकल मारली, एकटीने. आणि २००५ मध्ये क्यूबाला जाताना परत सगळं घरच बरोबर होतं: रेचेल आणि तिच्या तीन मुली.