बोलक्या भिंती

भिंतींना कान असतात, ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. आणि ज्यांनीं एकत्र कुटुंबांत दिवस काढले आहेत, त्यांस तिची सत्यता निराळी पटवून देण्याचें कारण नाहीं. परंतु भिंतींना तोंडहि फुटूं शकतें, हा अनुभव आमच्या घरास गेल्या उन्हाळ्यांत आला. पुण्यांतील आमच्या जुन्या बंगल्याच्या विजेच्या तारा बदलावयाच्या होत्या. तेव्हां पुतण्यानें सूचना मांडली कीं, भिंती फोडावयाच्याच आहेत, तर दिवाणखान्याच्या भिंतींत स्पीकर बसवून घ्यावे. म्हणजे जमिनीवर पेट्या नकोत आणि केरसुणीला अडथळाहि नको.

सूचना सुटसुटीत दिसली. पण वस्तु परक्या घरांच्या मापाची होती. अमेरिकेंतील बहुतेक घरांच्या भिंती लांकडी खांबांवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या, आंतून पोकळ असतात. तक्त्यास भोंक पाडलें कीं स्पीकर आंत बसतो, आणि तारा पोकळींतून खालीं सोडतां येतात. आमच्या भिंती विटांच्या. बाहेरच्या 9 इंचांच्या आणि खोल्यांमधल्या साडेचार इंचांच्या. पुतण्यानें निवडलेली जागा नेमकी साडेचार इंचांच्या भिंतींत होती, व स्पीकरास तीन ते चार इंच खोली हवी होती. म्हणजे पलीकडे गिलाव्याचा पापुद्राच काय तो उरावयाचा! शिवाय स्पीकरचा पडदा जितका आवाज पुढें टाकतो तितकाच मागेंहि टाकतो, आणि त्या भिंतीमागें आमच्या काकूंची खोली आहे. काकूंची झोप हलकी. त्यांस विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "माझी कांहीं अडचण नाहीं हो, बसवा खुशाल." एकत्र कुटुंबांत अशा वाक्याचा खरा अर्थ शब्दकोशांत सांपडत नाहीं.

घरांत भांडींकुंडीं, दागिने, जमिनी यांच्या वांटण्या होतात. शांततेची वांटणी मात्र होत नाहीं. ती सर्वांची सामाईक मिळकत आहे, आणि तिचा एकानें केलेला खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

ह्याच सुमारास एक दुसरी गोष्ट आमच्या मनास लागून राहिली होती. मातोश्रींस हल्लीं कमी ऐकूं येतें. सायंकाळीं दिवाणखान्यांत कीर्तन लावलें कीं त्या आवाज वाढवावयास सांगत. मुलांच्या अभ्यासांत व्यत्यय येई, काकू हलकेच दार लोटून घेत, आणि तें दार दिसतांच मातोश्री "राहूं द्या" म्हणून उठून जात. पुढें पुढें त्यांनीं येणेंच सोडलें. घरांत दहा माणसें असतां एखादें माणूस असें एकटें पडतें, आणि पडलें हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

वार्धक्यांत कानांस प्रथम सोडून जातात ते उंच स्वर. आणि स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची ओळख पुष्कळ अंशीं त्याच स्वरांवर अवलंबून असते. म्हणून आवाज मोठा केला तरी शब्द स्पष्ट होतातच असें नाहीं. पुष्कळदां गलकाच वाढतो. त्यांतून स्पीकर दूर असला तर भिंतींवरून परतणारा घुमारा मूळ शब्दांस झांकून टाकतो. त्यास उपाय मोठा आवाज हा नसून जवळचा आवाज हा आहे. हें ध्यानांत येतांच आमचा सारा नकाशा बदलला. दिवाणखान्याचे दोन स्पीकर बाहेरच्या 9 इंची भिंतींत गेले. आणि तिसरा, लहानसा, माजघरांत मातोश्रींच्या खुर्चीपासून चार फुटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस म्हणजे सुमारें साडेतीन फुटांवर बसला. प्रत्येक स्पीकरच्या मागें बंद लांकडी पेटी घातली, आणि माजघरांतील आवाजाची कळ मातोश्रींच्या हाताशीं आणली.

तारांच्या कामांतील चार गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडतील. भिंतींत खांच उभी घ्यावी. लांब आडव्या खांचेनें भिंतीचें बळ अधिक कमी होतें. स्पीकरच्या तारेस स्वतंत्र नळी असावी, ती विजेच्या तारांपासून फूटभर दूर न्यावी, आणि ओलांडणें भागच पडलें तर काटकोनांत ओलांडावी. तारेचा विरोध स्पीकरच्या विरोधाच्या विसाव्या हिश्शाहून अधिक नसावा. 8 ओहमच्या स्पीकरास 50 फुटांपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते, त्यापुढें अडीचची घ्यावी. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ध्वनिवर्धक यंत्रास ते 4 ओहमचे भासतात, चार जोडले तर 2 चे. यंत्रास इतका भार सोसतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. गिलावा करण्यापूर्वीं दीड व्होल्टचा साधा सेल तारांस क्षणभर लावावा. धन टोंक धन तारेस लागलें असतां प्रत्येक स्पीकरचा पडदा पुढें सरला पाहिजे. एक पुढें व एक मागें गेला, तर खर्जाचे स्वर परस्परांस मारून टाकतात. शेवटीं, भिंतीशेजारीं मोजपट्टी धरून नळ्यांचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं, म्हणजे पुढें खिळा ठोकणाऱ्याचे आशीर्वाद मिळतात.

पुतण्यानें प्रथम थोडी कुरकुर केली, कारण दिवाणखान्यांतील त्याची आवडती जागा गेली. पण हल्लीं सायंकाळीं माजघरांत मंद आवाजांत कीर्तन चालू असतें, आणि काकू वाती वळीत मातोश्रींशेजारीं येऊन बसतात. दार कोणी लोटीत नाहीं.

पेटी आज येथें, उद्यां तेथें ठेवतां येते. भिंतींत बसविलेली वस्तु मात्र हलवितां येत नाहीं. म्हणून ज्यांस हा खटाटोप करावयाचा असेल त्यांनीं स्पीकरची जागा ठरविण्यापूर्वीं खडू घेऊन घरभर हिंडावें, आणि कोण कोठें बसतें, कोण कोठें निजतें, हें आधीं आंखून घ्यावें.