जखम भरल्यानंतर उरणारी वेदना

अपघातात दुखावलेले स्नायू आणि अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे, बहुधा काही आठवड्यांत भरून येतात. परंतु तीन महिने उलटूनही जी वेदना टिकते किंवा वारंवार उद्भवते, तिला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते आणि तिच्यावर ताज्या जखमेसारखे उपचार करून भागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि वाशिम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव हा पट्टा ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेच्या रस्त्याला जोडला गेला. अशा रस्त्यावर गाडीला मागून धडक बसते तेव्हा आसनाला टेकलेले धड एकदम पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर जागीच राहते आणि मधल्या मानेला हिसका बसतो. हाड मोडलेले नसते, एक्स-रे निर्दोष येतो, तरीही मान महिनोन्‌महिने दुखत राहू शकते. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेली केंद्राची रोकडरहित उपचार योजना अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे संरक्षण देते, आणि ते मोलाचे आहे. मात्र जुनाट वेदनेची गणनाच तीन महिन्यांनंतर सुरू होते.

या टप्प्यावर रुग्ण पर्यायी उपचारांकडे वळतो तो बहुधा ‘मणक्यात गॅप आहे’, म्हणजे मणक्यांमधील गादी झिजली आहे, हे वाक्य मनात धरून. वास्तविक, कोणतेही दुखणे नसलेल्या विशीतल्या माणसांच्या तपासणीतही सुमारे ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधील गादीची झीज दिसते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात आढळले. चित्रात दिसणारी झीज म्हणजेच वेदनेचे कारण, असे समीकरण मांडल्याने रुग्ण हालचालीला भिऊ लागतो, आणि ही भीती मूळ इजेइतकीच घातक ठरते.

घरगुती शेकाला कमी लेखण्याचे कारण नाही. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून दिलेला शेक आखडलेले स्नायू सैल करतो, आणि त्या सैल झालेल्या अर्ध्या तासात मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवली तर त्याचा खरा उपयोग होतो; शेक घेऊन पुन्हा पडून राहिल्यास तो वाया जातो. आयुर्वेदातील स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तेल जिरवणे आणि घाम आणणे, यांचेही तेच. सुश्रुतसंहितेत स्वतंत्र अध्याय असलेले अग्निकर्म, ज्यात तापवलेली धातूची शलाका वेदनेच्या बिंदूवर क्षणभर टेकवतात, हे प्रशिक्षित वैद्याचे काम असून गावोगावी दिल्या जाणाऱ्या डागण्यांशी त्याची गल्लत करू नये.

अॅक्युपंक्चरला महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने स्वतंत्र मान्यता दिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील प्रयोगात जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांपैकी शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेतलेल्यांतील ४७.६ टक्क्यांना, बिंदू सोडून वरवर सुया घेतलेल्यांतील ४४.२ टक्क्यांना आणि औषधे-व्यायाम असे नेहमीचे उपचार घेतलेल्यांतील २७.४ टक्क्यांना लक्षणीय फरक पडला. याचा अर्थ असा की गुण येतो, पण तो बिंदूंच्या नकाशामुळेच येतो असे म्हणता येत नाही. उपचारकाने दिलेला वेळ आणि रुग्णाचा विश्वास यांचाही त्यात मोठा वाटा असावा.

योगाच्या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांना १९७९ मध्ये, साठीत असताना, स्कूटरचे अपघात झाले आणि आयुष्यभर कमावलेली आसने त्यांना नव्याने कमवावी लागली. खुर्ची, दोर, लोड यांचा आधार घेऊन दुखऱ्या शरीराला सोसेल तेवढेच आसन करवण्याची त्यांची पद्धत आज जगभर वापरली जाते. ब्रिटनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या योग-प्रयोगात वेदनेत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फारसा फरक पडला नाही, पण पाठीची कार्यक्षमता मात्र वाढली. हे प्रयोग कंबरेवरचे असल्याने हिसका बसलेल्या मानेला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तथापि कसोटी कार्यक्षमतेचीच राहते. वाशिमच्या सोयाबीन उत्पादकाच्या दृष्टीने उपचाराचे यश म्हणजे सोळा लिटरचा फवारणी पंप पुन्हा पाठीवर घेता येणे, आणि जो उपचार महिनोन्‌महिने केवळ टेबलावर झोपवून ठेवतो, तो सुखद असला तरी अपुरा आहे.

दोन गोष्टी मात्र ठामपणे टाळाव्यात: मानेला झटका देऊन ‘कट्’ आवाज काढणे, कारण त्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, आणि घटक न लिहिलेल्या पुड्या, कारण त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. हातापायांत बधिरपणा वा अशक्तपणा येत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा तापासह वेदना वाढत असेल, तर तेल, सुई, आसन यांपैकी काहीही न करता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे.