रांगेतले सर

रांगेत उभे राहणे ही आपल्या मध्यमवर्गीयांची जन्मखूणच म्हणायची. रॉकेलच्या रांगेत आमचे वडील उभे राहिले, गॅसच्या नंबरासाठी आई उभी राहिली, आणि २०१६ साली नोटाबंदीत तर बँकेच्या दारात सारा देशच उभा राहिला. या साऱ्या रांगांत एक प्रकारचा मोठेपणा होता. घरी परतल्यावर चहा पिता पिता सांगण्यासारखे काही तरी त्यांत असे. मी मात्र एकदा अशा एका रांगेत उभा राहिलो, की जिच्याविषयी पुढे कोणाशीच बोललो नाही. दिवाळीच्या निमित्ताने घर झाडायला काढलेच आहे, तर तोही कोपरा आज झाडून घेतो.

ती रांग २०२० सालच्या मे महिन्यातली. शहापुरातल्या एका वाइन शॉपपुढची.

मी राहतो शहापुरात आणि मराठी शिकवतो मुरबाडच्या बाजूच्या एका कॉलेजात. किन्हवली, सरळगाव करीत मोटारसायकलवरून जाणे-येणे. त्या वर्षी २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सारा देश बंद. आसनगावच्या लोकल थांबल्या, एस. टी. थांबली. पुढे नाशिकच्या हमरस्त्यावरून डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरे घेतलेली माणसे कसाऱ्याच्या दिशेने चालताना दिसू लागली. आणि त्या सगळ्या बंदमध्ये दारूची दुकानेही बंद झाली.

मला त्याचा आनंद झाला. गैरसमज नको; मी काही सोवळा माणूस नव्हे. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या मित्राबरोबर दोन घोट घेणारा गृहस्थ आहे. पण माणसाला स्वतःची सवय वेगळी आणि समाजाचे हित वेगळे असे मांडता येते. शिक्षकाला तर ते विशेष चांगले जमते. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी दारूबंदीवर एक लांबलचक टिपण टाकले. त्यात गडकरी आले, गांधीजी आले, ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात झालेली संपूर्ण दारूबंदीही आली. सहकाऱ्यांनी अंगठे वर करून दाद दिली.

त्या टिपणात एक गोष्ट मात्र आली नाही, आणि ती माझ्या खिडकीतून दिसत होती. मार्च-एप्रिल म्हणजे मोहाच्या फुलांचे दिवस. दुकाने बंद होती. मोह बंद नव्हता. पहाटे पाड्यांवरच्या बाया पाट्या घेऊन झाडाखाली फुले वेचीत होत्या. त्या फुलांशी सरकारचे भांडण फार जुने आहे. १८९२ साली इंग्रज सरकारने मोहाच्या फुलांसाठी एक स्वतंत्र कायदाच केला, आणि तो होता आमच्या ठाणे आणि शेजारच्या कुलाबा जिल्ह्यासाठी. फुले जवळ बाळगण्यावरच बंधने आली. त्यामागे लोकांच्या आरोग्याची काळजी किती होती कोण जाणे. घरी गाळलेल्या दारूवर कर मिळत नाही आणि ठेकेदाराच्या दुकानातल्या दारूवर मिळतो, हा हिशेब मात्र नक्की होता. महाराष्ट्र सरकारने मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले ते २०२१ साली. तात्पर्य काय, की दारूच्या दुकानाची किल्ली आणि सरकारची तिजोरी यांची सोयरीक महामारीत जुळलेली नाही. ती आपल्या पणजोबांच्या काळची आहे.

म्हणूनच ४ मेला देशभर दारूच्या दुकानांना परवानगी मिळाली तेव्हा आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्राला या खात्यातून वर्षाला १५ हजार कोटी रुपयांच्या घरात उत्पन्न; इतर कर आटलेले. दिल्लीने दुसऱ्याच दिवशी बाटलीवर ७० टक्के ‘विशेष कोरोना शुल्क’ बसवले, तरी रांग हलली नाही. मुंबईत इतकी झुंबड उडाली की दोन दिवसांत महापालिकेने दुकाने पुन्हा बंद केली. मग महिन्याच्या मध्यावर राज्यात घरपोच दारूची सोय निघाली. पुस्तके घरपोच मिळत नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

काही दिवसांनी आमच्याकडचेही दुकान उघडले. आणि टिपण लिहिणारा हा गृहस्थ पिशवी घेऊन बाहेर पडला.

“भाजीच्या रांगेत उभं राहा म्हटलं की तुमची कंबर दुखते,” एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या.

तोंडावर मास्क होता, डोक्यावर टोपी होती. आपल्याला कोण ओळखणार, अशा समजुतीत मी खडूच्या वर्तुळात उभा राहिलो. हातातली पिशवी साहित्य संमेलनाची होती, हे माझ्या ध्यानात आले नाही. ऊन मी म्हणत होते. रस्त्याच्या पलीकडे दुसरी रांग होती, रेशनची. माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळत होता, त्यासाठी बायका उभ्या होत्या. इकडच्या रांगेत बहुतेक पुरुष. मधून फक्त एक डांबरी रस्ता. मी बाटली घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घरी आलो. गोष्ट संपली असे मला वाटले.

जूनमध्ये, पेरण्यांच्या दिवसांत, माझ्या एका विद्यार्थिनीची आई दाराशी आली. मुलगी दुसऱ्या वर्षाला. परीक्षा झाल्या नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षाचे काय, हे विचारायला किन्हवलीच्या बाजूने चालत आली होती. मी सांगितले, काळजी करू नका, तिला पुढच्या वर्गात घेतील. बाई उठेनात. पदराचे टोक पिळीत बसल्या.

“सर, एक इचारू? राग नका मानू. तुमी त्या दिवशी दारूच्या रांगेत व्हतात ना?”

मी गप्प बसलो.

बाईंनी मग सारे सांगितले. नवरा जीपवर ड्रायव्हर. रोज प्यायचा. जीप थांबली, पैसा थांबला, दारूही थांबली. पहिले आठ दिवस हातपाय थरथरायचे, रात्री बरळायचा. बाई आणि मुलगी आळीपाळीने जागल्या. मग हळूहळू उतरले. पाड्यावर हातभट्टी मिळत होती, पण भाव चढलेला आणि याच्या खिशात दमडी नाही. महिनाभर माणूस घरात माणसासारखा राहिला. मुलीला त्याने झोपाळा बांधून दिला. वीस वर्षांची मुलगी, पण बसली त्यावर! आणि मग दुकान उघडले.

त्या महिन्यांत सरकार बायकांच्या जनधन खात्यात दरमहा ५०० रुपये टाकीत होते. बाईंनी बँकेतून ते पैसे काढून डब्यात ठेवले होते. त्या रेशनच्या रांगेत उभ्या असताना नवऱ्याने डबा उघडला आणि पलीकडच्या रांगेत येऊन उभा राहिला.

“मी पाहिलं, सर. इथून तिथं वरडले. तर मला म्हनाला, ‘गप बस. म्होरं बघ कोन उभं हाय. पोरीचे सर हायेत. ते काय अडानी हायेत?’”

बाईंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. दारू प्यायला सरकारी परवाना लागतो, हे पुष्कळांना माहीत नसते. त्या माणसाला त्याची गरजच पडली नाही; त्याचा परवाना संमेलनाची पिशवी घेऊन त्याच्या पुढे उभा होता. आणि ते ५०० रुपये सरकारने बाईंना एका खिडकीतून दिले होते. त्यांतला मोठा हिस्सा दुसऱ्या खिडकीतून परत घेतला. मध्ये फक्त एक रस्ता ओलांडावा लागला.

पुढे ऑगस्टमध्ये मोबाईलवरून वर्ग सुरू झाले आणि शिकवायला नेमके ‘एकच प्याला’ आले. हे नाटक रंगभूमीवर आले १९१९च्या फेब्रुवारीत, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरात. इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशात हाहाकार केला त्याच्या मागोमाग. पंधरा वर्षे मी ते शिकवीत होतो. तळीराम, त्याचे आर्य मदिरा मंडळ, दळण दळणारी सिंधू, सारे माझे पाठ. तास संपताना त्या मुलीचा आवाज आला. नेटवर्कसाठी ती टेकाडावर जाऊन बसली होती, वारा ऐकू येत होता.

“सर, सुधाकरची सनद रद्द झाली नसती, तर तो प्यायला असता का?”

वकील सुधाकरची सनद काही महिन्यांसाठी जाते, काम सुटते, अपमान जिव्हारी लागतो, आणि मग प्याला हाती येतो. हे मला ठाऊक होते; पण मी ते कथानक म्हणून सांगून पुढे जात असे. या मुलीने ते जीपच्या बंद चाकाकडे पाहून वाचले होते. मी म्हटले, “पुढच्या तासाला बोलू.”

त्यानंतर ५ ऑक्टोबरला परमिट रूम उघडल्या, निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्याच्या अटीवर. ग्रंथालये उघडली १५ ऑक्टोबरला, देवळे १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. या क्रमावर तेव्हा पुष्कळ वादंग झाले. मीही तावातावाने बोलणार होतो, तेवढ्यात हमरस्त्यावरच्या एका परमिट रूममध्ये वेटर असलेला माझा जुना विद्यार्थी भेटला. सहा महिने पगार नव्हता. म्हणाला, “सर, तुमचा पगार चालू होता म्हणून तुम्हाला क्रम सुचतो.” याला काय उत्तर द्यावे?

आणि दुकाने बंदच ठेवली असती तर सारे शहाणे झाले असते, असेही नाही. २०२१ च्या एप्रिलात, पुन्हा टाळेबंदी असताना, यवतमाळ जिल्ह्यात वणीला दारू मिळेना म्हणून माणसे हात धुण्याचे सॅनिटायझर प्यायली आणि त्यांतली सात दगावली. बंद दारामागे तहान थांबत नाही, ती मागच्या दाराने जाते.

मग दुकाने उघडली ती चूक झाली का? पुष्कळ दिवस मी याचा विचार केला आहे. केवळ दार उघडले ही चूक मला वाटत नाही. पण काम बंद, एस. टी. बंद, शाळा बंद, आणि माणसाच्या रिकाम्या हाताला पहिले उघडे दार दिसले ते हे, ही चूक झाली. जीप आधी चालू झाली असती आणि दुकान नंतर, तर डब्यातले पैसे वाचलेच असते, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. निदान बाईंचे ओरडणे रस्त्यापलीकडे पोहोचायला जागा राहिली असती.

राहिली माझी चूक. पिणे हा माझा खासगी प्रश्न आहे, असे मी समजत होतो. लहान गावात शिक्षकाला खासगी पाठ नसते. मागे कोणी तरी उभे असतेच.

मी सुधारलो का, असे वाचक विचारतील. मी अजूनही क्वचित घेतो. मात्र बाटली कल्याणहून आणतो, जिथे मला कोणी ओळखत नाही. ही सुधारणा नसून भित्रेपणा आहे, हे मला ठाऊक आहे. ती मुलगी बी. ए. झाली. जीप पुन्हा चालू आहे. वडील आता किती पितात, हे मी विचारीत नाही आणि ती सांगत नाही. गेल्या दिवाळीला बाईंनी तिच्याबरोबर चकल्यांचा डबा पाठवला होता. डबा परत करताना रिकामा द्यायचा नाही, म्हणून सौभाग्यवतींनी लाडू भरून दिले. ते घेऊन जाताना पिशवी मात्र मी दुसरी काढली.

‘एकच प्याला’ मी अजून शिकवतो. फक्त आता पहिला तास सनदेवर घेतो.