अफरवटचा शुभ्र उतार

काश्मीरमध्ये, पीर पंजालच्या रांगेत, सुमारे २,६५० मीटर उंचीवर गुलमर्ग वसले आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा प्रवाशांना कोंगडोरीस नेतो, तर दुसरा थेट अफरवट शिखराच्या खांद्यावर. हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ दोन-तीन दिवस हिमवर्षाव करून ओसरतो, आकाश निळेशार होते आणि समोरचा अस्पर्श उतार मोह घालू लागतो. सर्वाधिक जपायचे ते नेमके याच वेळी.

कारण धोका वरच्या हिमात दिसत नाही. तो खालच्या थरांत दडलेला असतो. हिवाळ्याच्या आरंभी हिमाचा थर पातळ असतो आणि रात्री निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या असतात. जमिनीची ऊब वर झिरपताना तळच्या हिमाचे जाड साखरेसारखे सुटे कण बनतात. त्यांची एकमेकांवर पकड नसते. पुढे त्यांच्यावर नव्या हिमाची जड लादी बसते. वारा शिखराच्या एका बाजूचे हिम उचलून दुसऱ्या बाजूस साठवतो, तेव्हा ती अधिकच जाड होते. अशा वेळी एका माणसाचे वजनही सबंध उतार सुटण्यास पुरेसे ठरते. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक. पण त्यांच्या पायथ्याची सपाटीही निर्धोक नसते.

पर्वत अनेकदा इशारा देतो. शेजारच्या उतारावरील ताज्या हिमस्खलनाच्या खुणा, पावलापासून पुढे धावणारी भेग, पायाखालचा दबका ‘धप्’ आवाज, एकाएकी वाढलेली ऊब, यांपैकी एकही आढळले तरी परत फिरावे. निघण्यापूर्वी हिमस्खलनाचा अंदाज पाहावा आणि गस्तीपथकाने आखलेली सीमा ओलांडू नये. गाडल्या गेलेल्या माणसाच्या दृष्टीने पहिली पंधरा मिनिटे मोलाची असतात; म्हणून सीमेपलीकडे जाणारे जाणकार शोधयंत्र, शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ ठेवतात. तरीही अनुभव हे अभयपत्र नव्हे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी याच परिसरातील खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे १७ सैनिक हिमस्खलनात मृत्युमुखी पडले.

सहलीला आलेल्या कुटुंबाची परीक्षा मात्र वेगळीच असते. रजा मोजकी, पैसे आगाऊ भरलेले, मुले आतुर. ‘इतक्या दूर येऊन परत जायचे?’ हा प्रश्न विवेकावर मात करू पाहतो. परंतु गेलेली रक्कम वसूल करण्यासाठी बुडत्या व्यवहारात आणखी भांडवल ओतू नये, हे पेढीवर बसणाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. येथे तर पणाला लागते ते भांडवल पुन्हा उभे करता येत नाही.

वारा वाढला, हिम अस्थिर झाले की गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद ठेवला जातो. त्या दिवशी खालच्या कुरणात मुले घसरगाडीवर बसून हसत असतात, गरम कहव्याचा पेला हातात येतो आणि अफरवट दुरूनही तितकाच सुंदर दिसतो.