अण्णांची सीट

इंजिन बांधून झालं, पत्रा ठोकून रंगही झाला. काम अडलं ते सीटपाशी.

गाडी टाटा-मर्सिडीज. जर्मन कंपनीशी १९५४ साली झालेला करार १९६९ ला संपला, त्याच्या आधीची. म्हणून नाकावर अजून तो तीन टोकांचा तारा आहे. अण्णांनी ती थर्डहँड घेतली. लासूर स्टेशनचा कांदा अन् कन्नडच्या घाटातून चाळीसगावला जाणारा कापूस वाहण्यात त्यांची उमर त्या सीटवर गेली. शेवटी मणक्यानंच हात टेकले. आता गावातल्या गावात फिरवायची म्हणून मी ती दुरुस्तीला काढली होती.

"फोम टाकू का स्प्रिंगाच बसवू?" जाफर गेटजवळच्या सीटवाल्या चाचांनी विचारलं.

अण्णांच्या पाठीचा विचार करून मी फोम म्हणालो. चाचांनी मान हलवली. हलका फोम लवकर दबतो, मग खालची फळी बोचते. मे महिन्यात रेक्झिनखाली तो असा तापतो की पाठीचा सदरा पिळून घ्यावा. स्प्रिंगांतून हवा खेळते. मात्र नुसत्या स्प्रिंगांवर, खड्डा आला की कमानपाट्यांबरोबर माणूसही उडतो. "आधी जुनी उघडून तर बघू," ते म्हणाले.

रेक्झिन फाडलं. खाली काथ्या, मग गोणपाट. त्याखाली ड्रायव्हरच्या उजव्या अंगाच्या तीन स्प्रिंगा मोडलेल्या, अन् त्या खड्ड्यात सुतळीनं बांधलेली घडी. आईचं हिरवं लुगडं.

"कवा मोडल्या ह्या?"

"तू पॉलिटेक्निकला व्हतास तव्हा."

"मंग नीट का नाही केल्या?"

"फी भरायची व्हती. डावीकडं कलून बसायचो. घाटात जरा तरास व्हायचा, बाकी काय नाही."

अण्णा डावीकडं झुकून चालतात म्हणून आम्ही भावंडं अंगणात त्यांची नक्कल करायचो. आई हसायची नाही. तेव्हा ते आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

शेवटी नव्या स्प्रिंगा घातल्या, वर गोणपाट, काथ्या आणि त्यावर दोन इंचाचा घट्ट फोम. लुगडं मी घरी आणलं.

सीट बसवल्यावर अण्णा चढले. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि डावीकडं कलले.

"आता सरळ बसा अण्णा, खाली काही मोडलेलं नाही," चाचा म्हणाले.

"कळतंय की," अण्णा म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.