वर्ण आणि वाक्छल

आमच्या प्राचीन नैयायिकांनीं छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाक्छलाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. एक जण म्हणतो, ‘हा बटु नवकंबल आहे’, म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे. प्रतिपक्षी ‘नव’ म्हणजे नऊ असें धरून विचारतो, ‘याच्यापाशीं नऊ घोंगड्या कोठें आहेत?’ हें वाचून हंसूं येतें. परंतु हाच छल वंशाच्या राजकारणांत शिरला म्हणजे एका शब्दाच्या अर्थावर माणसांचें घरदार टांगलें जातें.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निवाडे आम्हीं एकापाठोपाठ वाचले, तेव्हां हा बटु आम्हांस आठवला. १७९० च्या कायद्यानें परकीयांपैकीं केवळ ‘गोऱ्या’ स्वतंत्र इसमांसच त्या देशाचें नागरिक होतां येई. १८७० त आफ्रिकी वंशजांस तो हक्क मिळाला. आशियाई लोक बाहेरच राहिले. टाकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ वीस वर्षें तेथें राहिलेले, तेथेंच शिकलेले. आपली कातडी गोरी आहे, असें त्यांचें म्हणणें. नोव्हेंबर १९२२ मध्यें न्यायालयानें उत्तर दिलें कीं, रंग ही कसोटी नव्हे. लोक ज्यास कॉकेशियन वंश म्हणतात त्या वंशाचा तो गोरा.

तीन महिन्यांनीं भगतसिंग थिंड यांचा निवाडा झाला. हे पंजाबचे शीख. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत होते. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित. तत्कालीन कित्येक मानववंशशास्त्री उत्तर हिंदुस्थानच्या लोकांस कॉकेशियनांत गणीत. मग तीच व्याख्या आम्हांस लावा, एवढीच मागणी. फेब्रुवारी १९२३ मध्यें उत्तर मिळालें कीं, शास्त्रज्ञांचा अर्थ येथें चालावयाचा नाहीं. सामान्य माणूस ज्यास गोरा समजतो तोच गोरा, आणि हिंदी मनुष्यास तो तसें समजत नाहीं. दोन्ही निवाडे लिहिणारे न्यायमूर्ति एकच, जॉर्ज सदरलँड.

ओझावा रंग दाखवितात, तेव्हां वंश पुढें येतो. थिंड वंश दाखवितात, तेव्हां लोकांची समजूत पुढें येते. शब्द तोच, अर्थ मात्र अर्जदार पाहून पालटतो. शिवाय गोरा कोण, तर गोरे ज्यास आपला मानतात तो, हा तर उघड साध्यसम हेत्वाभास झाला; जें सिद्ध करावयाचें तेंच हेतु म्हणून मांडलें. आम्ही श्रेष्ठकनिष्ठ ठरवीत नाहीं, केवळ भेद दाखवितों, अशी पुस्तीही निवाड्यांत आहे. ह्या ‘केवळ भेदा’मुळें अनेक हिंदी लोकांचें मिळालेलें नागरिकत्व रद्द करण्यांत आलें. त्यांपैकीं सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांनीं १९२८ त आत्महत्या केली, आणि त्याचें कारण पत्रांत लिहून ठेविलें. हिंदी लोकांस हा हक्क देणारा कायदा १९४६ त झाला.

येथवर वाचून आमच्याप्रमाणें वाचकांसही संताप येईल. परंतु थिंड यांच्या बाजूचा युक्तिवादही पाहिला पाहिजे. उच्चवर्णीय हिंदी मनुष्य येथील आदिवासींशीं शरीरसंबंध करीत नाहीं, जसा अमेरिकन गोरा काळ्यांशीं करीत नाहीं. म्हणून त्याचें रक्त शुद्ध आर्य, असें त्यांत म्हटलें होतें. आणि हें जातिभेद न मानणाऱ्या धर्माच्या माणसासाठीं! रेघ पुसा, असें कोणी म्हणालें नाहीं. ती आमच्या पलीकडून ओढा, एवढेंच म्हटलें. त्या कायद्यापुढें दुसरा मार्ग नव्हता, हें खरें. पण साक्षीला आणावयास आम्हांपाशीं आमचाच सोंवळेपणा निघाला, हें विसरतां येत नाहीं.

न्यायालयाचा छल आम्हांस चटकन दिसतो, कारण तो आमच्यावर उलटलेला असतो. आमच्या घरांतून ‘आपल्यांतला’ हा शब्द रोज कानीं पडतो. सोयरिकीच्या वेळीं त्याचा अर्थ जात, निवडणुकीच्या वेळीं धर्म, आणि परदेशीं अपमान झाला म्हणजे सारा देश! घरांतील एखाद्या मुलीनें ह्या तिहींपैकीं खरा अर्थ कोणता असें विचारलें, तर तिला उद्धट न म्हणतां उत्तर देण्याची तयारी आम्हीं ठेविली पाहिजे.