नहरीचे नगर

प्रवासास निघालेल्या मनुष्याची दृष्टी स्वभावतः ऊर्ध्वगामी असते. घुमट, मनोरे, शिखरे आणि कमानी यांच्या दर्शनासाठी तो समुद्र ओलांडतो. आणि स्पेनमधील सेगोव्हिया नगरीस पाणी पोहोचविण्यासाठी रोमन स्थापत्यविशारदांनी चुन्याचा लेपही न घालता, केवळ दगडावर दगड तोलून उभारलेल्या त्या प्रचंड कमानमालेखाली तो उभा राहिला म्हणजे मान उंचावून विस्मित होतो, यात वावगे काहीच नाही. परंतु आमच्या छत्रपती संभाजीनगरात, ज्यास काल-परवापर्यंत औरंगाबाद म्हणत, येणाऱ्या पाहुण्यास माझी विनंती अशी की त्याने प्रथम पायांखालच्या भूमीकडे पाहावे. कारण या शहराची सर्वांत थोर वास्तू, माझ्या मते, जमिनीच्या पोटात आहे.

या शहरी यावे ते मनमाडवरून, आगगाडीने. निजामाच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, गोदावरीच्या खोऱ्यातून ही लोहमार्गाची रेघ ओढली गेली. त्या वेळची मीटरगेज जाऊन गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ब्रॉडगेज झाली, तरी खिडकीबाहेरचा देखावा तोच राहिला आहे. मनमाड सुटते न सुटते तोच अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसतात. नगरसूल, रोटेगाव, लासूर ही ठाणी मागे पडतात. आणि दौलताबाद जवळ आले की यादवांचा देवगिरी आपल्या ताशीव कड्यांनिशी, पायथ्याशी बहामनी काळचा चाँदमिनार घेऊन, क्षितिजावर उभा राहतो. याच दुर्गाच्या भरवशावर महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी येथे आणली आणि थोड्याच वर्षांत ती परत नेली. चाणाक्ष प्रवाशाच्या नजरेस मात्र किल्ल्यांइतकीच आणखी एक गोष्ट भरेल: काळा खडक, उघडे माळ, आणि पावसाळा सरताच क्षीण होणारे ओढे. अशा मुलखात मोठे शहर वसविण्याचा विचार ज्याच्या मनात आला, त्याने पाण्याचा विचार आधी केला असला पाहिजे.

तो पुरुष म्हणजे मलिक अंबर. आफ्रिकेतील हबसाणात जन्मलेला, बाजारात गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि स्वकर्तृत्वाने अहमदनगरच्या निजामशाहीचा मुखत्यार झालेला हा माणूस. गनिमी काव्याने मोगलांना त्याने जेरीस आणले ते तर सर्वश्रुतच आहे, आणि जमिनीची प्रतवारी पाहून सारा ठरविण्याची त्याची महसुलाची पद्धत मराठी मुलखात त्याच्या पश्चातही दीर्घकाळ नावाजली गेली. 1610 मध्ये खडकी या खेड्याच्या जागी त्याने नवे नगर वसविण्यास आरंभ केला. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून उभारलेला भडकल दरवाजा आजही शहरातील सर्वांत भव्य द्वार म्हणून उभा आहे आणि तेथे प्रवासी थांबतातही. परंतु ज्या कर्तृत्वामुळे शहर जगले, ते कर्तृत्व म्हणजे त्याची नहर, नहर-ए-अंबरी.

उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी मुरणारे पावसाचे पाणी भूगर्भातच अडवावे, दगड-चुन्याच्या बंदिस्त बोगद्यांतून ते उताराने शहराकडे आणावे, वाटेत ठिकठिकाणी कुंडे व उच्छ्वास ठेवून गाळ बसू द्यावा आणि कोंडलेली हवा बाहेर काढावी, आणि अखेरीस ते हौदाहौदांतून प्रजेच्या घागरीत पडावे, अशी ती योजना होती. मोट नाही, रहाट नाही, माणसाचे वा जनावराचे बळ नाही. केवळ उताराचे अचूक मापन. इराणात याच जातीच्या भूमिगत कालव्यांना कनात म्हणतात, आणि 2016 मध्ये युनेस्कोने त्यांतील निवडक अकरांना जागतिक वारशाचा मान दिला. बुऱ्हाणपुरात खान-ए-खानान अब्दुर्रहीम याच्या काळची कुंडी भंडाऱ्याची रचनाही याच कुळातली. एकमेकांचे हाडवैरी असलेले दोन पक्ष, बुऱ्हाणपुरात मोगल आणि खडकीत अंबर, एकाच कालखंडात एकाच विद्येने आपापल्या प्रजेची तहान भागवीत होते, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही लढाईहून अधिक मोलाची वाटते. पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत शहर वाढले, तशा नव्या नहरी जुन्यांना येऊन मिळाल्या.

त्यांपैकी एक नहर मात्र दृष्टीस पडते, आणि तीही कशी! खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाशेजारी, बुखाऱ्याकडून आलेले नक्षबंदी साधू बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात ती प्रकटते. हर्सूलच्या बाजूने, मैलोगणती अंतर खापरी नळांतून कापीत आलेले पाणी येथे एका उंच भिंतीच्या माथ्यावर चढते, कारण उगमाची पातळी त्या माथ्याहून वर आहे. आणि तेथून पडद्यासारखे हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोरावर आडव्या चाकाची लोखंडी पाती फिरत आणि वरचे जाते दळू लागे; हीच ती पाणचक्की. हिमालयातील घराटांचे तत्त्व हेच; पण येथे त्या जात्यावर दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांच्या व यात्रेकरूंच्या भाकरीचे पीठ पडत असे, म्हणून या यंत्रास मी धर्मकार्यच मानतो. हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचे छत होय. जाड खांबांच्या रांगांवर एवढ्या पाण्याचा भार तोललेला, आणि खाली भर वैशाखातही गारवा; ज्याने हे योजिले त्यास रचनेचे गणित आणि थकलेल्या वाटसरूची कणव ही दोन्ही अवगत होती. पाहुणे धबधब्यापुढे उभे राहून छायाचित्र काढतात आणि जिना उतरण्याचा कंटाळा करतात. तो जिना जरूर उतरावा.

बीबी का मकबरा अर्थातच पाहावा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू हिच्या या समाधीच्या बागेतील कारंजी आणि पाट पाहताना त्यांची योजना याच जलविद्येवर उभी आहे एवढे ध्यानी ठेवावे, म्हणजे ताजमहालाशी तुलना करण्याचा शीण आपोआप टळेल.

आज शहर पैठणच्या नाथसागराचे पाणी यंत्रबळाने वर उपसून पिते, आणि उन्हाळ्यात वस्त्यावस्त्यांतून टँकरची वाट पाहिली जाते. नहरींवरून रस्ते, वसाहती आणि इमारती गेल्या आहेत. पाया खणताना कोणाच्या कुदळीखाली चारशे वर्षांचा बोगदा येतो, हे खणणाऱ्यास कळतही नाही. म्हणून माझे मागणे असे की, डोंगरपायथ्यापासून दर्ग्यापर्यंत प्रत्येक नहरीची बारकाईने मोजणी व्हावी, तिच्या कुंडांवर क्रमांकाचे दगड बसावेत, तिचा नकाशा शहरातल्या प्रत्येक जुन्या दरवाजापाशी लावावा, आणि बांधकामाचा परवाना देणाऱ्या कचेरीच्या दफ्तरात तोच नकाशा सर्वांत वर असावा. भाद्रपदात, पाऊस मनाजोगता झाला असता, पाणचक्कीवरून उत्तरेकडे ही वाट चालत जाण्यासारखा दुसरा प्रवास मला या शहरात ठाऊक नाही. आणि आल्या-गेल्या पाहुण्याला मी तो आग्रहाने सांगतो.